इथं थांबती का?

गेल्या श्रावणात एका नातेवाइकाच्या वास्तुशांतीसाठी पॅसेंजरने पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. घोरपडी मागे पडली, सासवड रोड, फुरसुंगी गेले, शिंदवण्याचा घाट वळणे घेत चढून गाडी वर आली आणि पुरंदरची ती ओली, वाऱ्याची हवा खिडकीतून आत शिरली. समोरच्या बाकावर साठीच्या पुढची एक बाई बसली होती. पायाशी दोन कापडी पिशव्या, मांडीवर प्रेशर कुकरचे नवे कोरे खोके, आणि त्या खोक्यावर दोन्ही हात असे ठेवलेले, की जणू आत झोपलेले मूल आहे. लेकीकडे हडपसरला चार दिवस राहून ती परत निघाली होती. एरवी एसटीने येते-जाते, पण या वेळी जावयाने गाडीत बसवून दिले, एवढे तिने आपणहून सांगितले. पाऊस भुरभुरत होता. घेवड्याची आणि बाजरीची शेते खिडकीतून सरकत होती. मग तिने बाहेर पाहिले, एक टेकडी ओळखली आणि मला विचारले, "आता ही इथं थांबती का हो?" तिने ज्या स्टेशनाचे नाव घेतले ते माझ्या आजोळचे. मी क्षणभरही न थांबता सांगितले, "नाही हो, आता नाही थांबत. जेजुरीलाच उतरावं लागेल." एवढ्यावर गप्प बसलो असतो तरी चालले असते, पण दुहेरीकरणानंतर लहान स्टेशनांचे काय झाले, हेही मी तिला दोन मिनिटे ऐकवले. ती सावरून पुन्हा बसली. गाडीचा वेग कमी झाला, ब्रेकांचा तो लांबट, कण्हल्यासारखा आवाज आला, आणि पिवळी पाटी खिडकीसमोर येऊन उभी राहिली.

गाडी थांबली होती.

मिनिटभरच थांबली. पुढच्या दारातून दोघे-तिघे उतरले, एक मुलगा दप्तर डोक्यावर धरून धावत चढला. बाई उठली, पिशव्या गोळा करू लागली. मी एक पिशवी उचलली, खोके कोणी धरायचे यात दोन क्षण गेले, वाटेत बसलेल्या माणसांनी पाय आखडून घेईपर्यंत आणखी दोन, आणि आम्ही दारापाशी पोचण्याआधीच फलाट मागे सरकू लागला. साखळी ओढावी असे मनात आले. पण साखळी ओढायला जो ठामपणा लागतो, तो सगळा मी मघाच उत्तर देण्यात खर्च करून बसलो होतो. बाई पुन्हा बाकावर येऊन बसली, खोके पुन्हा मांडीवर घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "असू द्या. तुमाला तरी काय म्हाईत." जेजुरीला ती उतरली. मी पिशव्या खाली उतरवून दिल्या. तिने मान हलवली आणि पावसात चालू लागली.

ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. तिने ते समजुतीने म्हटले होते, त्यात टोमणा नव्हता. पण त्या डब्यात त्या स्टेशनाबद्दल कोणाला काही माहीत असेल तर ते मलाच, अशी माझी पन्नास वर्षांची समजूत होती.

आमच्या लहानपणी मे महिन्यात आई आम्हा दोघा भावांना घेऊन पुण्याहून या गाडीत बसे, आणि उतरायच्या आधी दोन स्टेशने आम्हांला दाराशी उभे करून ठेवी, कारण गाडी तिथे फार वेळ थांबत नसे. मामा सायकल घेऊन आलेला असे. फलाट म्हणजे मुरमाचा एक लांब बांध. त्यावर चिंच, चिंचेखाली रांजण, रांजणावर लाकडी झाकण आणि साखळीने बांधलेला डाव. उतरल्यावर गाडी निघून जाईपर्यंत कोणी बोलत नसे, आणि ती गेल्यावर जी शांतता पसरे ती आम्हा पुण्यातल्या पोरांना कानात दडे बसल्यासारखी वाटे. मग हळूहळू तिच्यात आवाज भरत जात. तापलेल्या रुळांची टकटक, स्टेशनामागच्या विहिरीवरचे इंजिन, मामाच्या सायकलीच्या साखळीचे करकरणे. लाकडी स्लीपरांना उन्हाने डांबरासारखा वास सुटलेला असे, आणि चपलेखाली खडी सरकली की त्या वासात दगडाचा भुकटा मिसळे. पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली होती. मामाला तिचा मोठा अभिमान. "तुमच्या पुण्यापेक्षा आम्ही उंचावर," असे तो दरवर्षी न चुकता म्हणे, आणि ते खरेच होते.

मास्तरांच्या खोलीत जायला आम्हांला परवानगी नव्हती. तरी दाराच्या चौकटीत उभे राहून सगळे दिसे. एकेरी मार्गाचे दिवस होते. पुढच्या स्टेशनाने परवानगी दिल्याखेरीज यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडत नसे, आणि तो गोळा हाती आल्याखेरीज ड्रायव्हर पुढच्या टप्प्यावर गाडी घालत नसे. एका वेळी एकच गोळा बाहेर, म्हणून त्या टप्प्यात एकच गाडी. साऱ्या सुरक्षिततेचा हिशेब इतका साधा होता. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवलेली, आणि न थांबणारी गाडी येत असली की सांधेवाला ते कडे हात उंच करून धरी. इंजिनातला माणूस धावत्या गाडीतून त्यात हात घालून ते उचली आणि त्याच झपाट्यात मागच्या स्टेशनाचे कडे खाली फेकी. ते कडे मुरमावरून घरंगळत कुठवर जाते, यावर आम्ही पैजा लावत असू. मास्तर कपाळाला आठ्या घालून नोंदवहीत वेळ लिहीत. दोन गाड्या समोरासमोरून आल्या की एकीला लूप लाइनवर घेऊन दुसरीला वाट करून देत, आणि थांबलेल्या गाडीतली माणसे खाली उतरून रांजणाचे पाणी पीत, चिंचेला टेकून विड्या ओढत. सीताफळांच्या दिवसांत पाट्याच्या पाट्या वर पाला झाकून फलाटावर रांगेने मांडलेल्या असत. गाडी थांबली की बायका त्या डब्यात ढकलत, आणि मागून कोणीतरी ओरडे, "अगं, पिकल्याली वर ठिव!"

आजोबांना ही गाडी नवी वाटे. त्यांची खरी गाडी मीटरगेजची. सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून चालत आलेली, अरुंद आणि धुराची. रूळ रुंद झाले तेव्हा काही ठिकाणी मार्गही बदलला, आणि काही स्टेशने जागच्या जागी परकी झाली. सातारकरांना पूर्वी सातारा रोडला उतरून पुढे शहर गाठावे लागे. ब्रॉडगेजबरोबर गाडी साताऱ्याच्या जवळ आली, आणि 'सातारा रोड' हे एका गावाचे नाव म्हणून मागे राहिले. आपल्याकडे स्टेशन उठले तरी पत्ता उठत नाही. लातूरला बार्शी लाइटची छोटी गाडी पार गावात येई. ती बंद होऊन मोठी गाडी गावाबाहेरच्या नव्या स्टेशनावर थांबू लागली, तरी 'जुनी रेल्वे लाईन' हा पत्ता लातुरात आजही चालतो. दूर कशाला, पुण्यात शिवाजीनगरचा एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलवला, तरी रिक्षावाल्याला "शिवाजीनगर स्टँड" म्हटले की तो "जुना का नवा?" असे विचारतो आणि मगच मीटर पाडतो. निदान तो विचारतो तरी.

माझ्या आजोळचे स्टेशन कोणी एका दिवशी बंद केले नाही. तसे झाले असते तर लक्षात राहिले असते. आधी पार्सल थांबले, कारण सीताफळे टेंपोने मार्केट यार्डात जाऊ लागली. मग रांजण फुटला आणि नवा आला नाही. रंगीत दिव्यांचे सिग्नल आले, त्यांच्यामागोमाग यंत्रातला गोळा गेला. दुसरा रूळ पडला तेव्हा त्या स्टेशनाचे मुख्य कामच संपले. कारण घाटाच्या डोक्यावर, वस्तीपासून इतक्या आडबाजूला ते बांधले गेले होते ते गावासाठी नव्हेच, तर एकेरी मार्गावर गाड्यांना एकमेकींच्या वाटेतून बाजूला होता यावे म्हणून. गावाला ते आयते मिळाले होते. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळली तेव्हा थोडा अपमान झाल्यासारखे वाटले. दरम्यान मार्च २०२० मध्ये देशभरातल्या सगळ्याच प्रवासी गाड्या उभ्या राहिल्या. पुढे त्या एकेक करून सुरू झाल्या तेव्हा कित्येक पॅसेंजर 'एक्स्प्रेस' म्हणवून धावू लागल्या, दहा रुपयांचे किमान भाडे तीस झाले, आणि बऱ्याच लहान स्टेशनांच्या नावापुढची वेळ वेळापत्रकातून गळून पडली. आमच्या स्टेशनाची त्यांत होती. तोवर मामा गेला होता, आजोळच्या घराला कुलूप लागले होते. माझे तिथे जायचे कारण उरले नव्हते, आणि तिथली गाडीही उरली नाही, हा योग मला एका अर्थी सोयीचा होता. न जाण्याचा दोष गाडीवर ढकलता येत होता.

त्यानंतर मी ही गोष्ट सांगू लागलो. लग्नकार्यांत, सहलीत, जेवणानंतरच्या गप्पांत. कड्याची फेक, रांजण, चिंच, आणि शेवटी "आता तिथं गाडी थांबत नाही" हे वाक्य, ज्यानंतर ऐकणारे थोडे गप्प होत. सांगून सांगून ते वाक्य गुळगुळीत झाले होते. त्या श्रावणात त्या बाईने विचारले तेव्हा माझ्या तोंडून तेच बाहेर पडले. तिने गाडीची चौकशी केली होती आणि मी तिला माझ्या गोष्टीचा शेवट ऐकवला.

बंद पडलेल्या स्टेशनांना चाहते भेटतात, हे मी तेव्हापासून पाहतो आहे. मुंबईतले कुलाबा स्टेशन १९३० साल सरता सरता बंद झाले. ते पाहिलेला माणूस आता सापडणे कठीण, पण त्याबद्दल हळहळणारे डझनभर सापडतील. बोर घाटातले रिव्हर्सिंग स्टेशन तसेच. पुण्यापासून खंडाळ्यापर्यंतची गाडी १८५८ मध्येच सुरू झाली होती. मधला घाट मात्र माणसे पालखीत, तट्टावर, जमेल तसा उतरत होती. १८६३ मध्ये घाटातून रूळ गेले, पण एका कड्यावर गाडीला वळायला जागाच मिळेना. म्हणून तिथे एक स्टेशन बांधले. गाडीने त्यात तोंड घालायचे, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि उलट्या दिशेने पुढे निघायचे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि त्या स्टेशनाची गरज संपली. लोणावळ्यात माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ आहेत, ते पाहुण्यांना घाटाकडे बोट दाखवून हे सगळे इतक्या तन्मयतेने सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावे, यांनी स्वतः तिथे इंजिन सोडले-जोडले आहे. त्यांना मी एकदा सहज विचारले, दुपारी पुण्याकडे लोकल कितीला आहे? ते म्हणाले, "दुपारी कुठली लोकल! दुपारी नसते." ते ज्या वेळेबद्दल बोलत होते त्या वेळेला खरोखरच नव्हती, लोणावळा मार्गावरची दुपारची ती पोकळी पुणेकरांना नवी नाही. त्या मार्गावरची कामशेत, कान्हे, घोरावाडी ही स्टेशने लोकलपुरती रोज काही तास बंदच असतात म्हणा ना. पण गृहस्थ लोकलने गेल्याला किती वर्षे झाली, हे मी विचारले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्यापुरते ठाऊक होते.

उघडलेल्या स्टेशनाला मात्र कोणी विचारत नाही. अपवाद माथेरानच्या छोट्या गाडीचा. जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा तीच गत केली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून गाडी पुन्हा वर चढू लागली. प्रत्येक वेळी छायाचित्रे छापून आली. पण तिथे पर्यटक आहेत. आडबाजूच्या स्टेशनाला थांबा परत मिळतो तो बहुधा 'प्रायोगिक तत्त्वावर'. प्रवासी संघाचे लोक निवेदने देतात, खासदारांकडे खेटे घालतात, आणि मग काही महिन्यांसाठी एखादी गाडी मिनिटभर थांबू लागते. तिकिटे किती खपतात ते पाहतात, मग मुदत वाढवतात किंवा वाढवत नाहीत. म्हणजे स्टेशन परत मिळते ते उमेदवारीवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅसेंजरचे जुने भाडे परत आले, तीसचे दहा झाले, तेव्हा तीही बातमी मी वाचली होती आणि पान उलटले होते.

चुकीच्या ठिकाणी उतरवणारा मी काही पहिला नव्हे, अशी समजूत मी स्वतःची घालून पाहिली. याच मार्गावर आळंदी नावाचे स्टेशन आहे. ते म्हातोबाच्या आळंदीचे, ज्ञानेश्वरांच्या आळंदीचा त्याच्याशी संबंध नाही. माउलींच्या दर्शनाला निघून तिथे उतरलेले भाविक आमच्या आजीच्या गोष्टींत असत, आणि ती त्यांना हसत नसे. "म्हातोबानं बोलावलं असंल," एवढेच म्हणे. सासवड रोडला उतरून सासवडला जाऊ पाहणाऱ्याला घाट चढावा लागतो. मेट्रोवाल्यांनीही ही परंपरा राखली आहे: नाशिक फाट्यावरच्या स्टेशनाला सुरुवातीला भोसरीचे नाव दिले होते, आणि भोसरी तिथून चांगली लांब. पण पाट्या चुकतात त्या सगळ्यांच्या बाबतीत सारख्याच चुकतात. त्या बाईला चुकवले ते एका माणसाने, समोर बसून, खात्रीने.

कार्तिकात एका सकाळी मी मुद्दाम निघालो. तिकीट खिडकीवर स्टेशनाचे नाव सांगितले. आतल्या मुलीने काहीही न विचारता तिकीट पुढे सरकवले, जणू ते नाव तिथे कायमच होते. गाडीत मी कोणाशी बोललो नाही. दाराशी जाऊन उभा राहिलो, दोन स्टेशने आधीच.

उतरलो आम्ही पाच जण. चौघे सराईतपणे रूळ ओलांडून पायवाटेला लागले, आणि शांतता पसरली. पण ती लहानपणची नव्हती. वर विजेच्या तारा होत्या आणि त्यांत किंचित गुणगुण होती. फलाट नवा, उंच, फरशीचा. पत्र्याची शेड, बाक, नळ. पलीकडे जुनी दगडी खोली होती. दाराला कुलूप, खिडकीच्या गजांतून आत वाळलेली पाने. चिंच शोधली. ती फलाटाच्या कामात गेली असावी असे मी धरून चाललो होतो, पण ती होती. फक्त फलाट तिच्यापासून दूर सरकला होता आणि ती आता कुंपणापलीकडच्या कोणाच्या तरी वावरात उभी होती. खाली शेळ्या बसल्या होत्या. मला भरून वगैरे आले नाही. थोडे चुकल्यासारखे वाटले, जसे नातेवाइकाच्या नव्या फ्लॅटमध्ये जुने कपाट दिसल्यावर वाटते. पाटी नवी होती. उंची मात्र लिहिलेली होती, आणि मामाचे वाक्य मनात आलेच.

तिकिटे विकायला एक तिशीचा तरुण होता, कमिशनवर नेमलेला. लोखंडी टेबल, तिकिटांची चळत, पाण्याची बाटली. गाडी गेल्यावर तो आवरून निघण्याच्या बेतात होता. त्याचे गावात दुकान आहे, दोन्ही सांभाळतो. किती खपतात, असे विचारले तर म्हणाला, "कमी पडतायत वाटलं तर मी सोताच काढतो दोन-चार." हे त्याने हसत सांगितले, आणि तो थट्टा करतो आहे की नाही, हे मला ठरवता आले नाही. मी त्याला कडे फेकणाऱ्या सांधेवाल्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्याने दोन वाक्ये ऐकली, मग टेबलाला कुलूप लावत विचारले, "परत कसं जाणार?"

"संध्याकाळच्या गाडीनं."

"ती नाही थांबत हितं. थांबा सकाळच्यालाच दिलाय." माझा चेहरा पाहून त्याने जोडले, "वडापनं जेजुरीला जा, तिथं थांबती. रस्त्यावर उभं ऱ्हायलं की मिळतं."

रस्ता स्टेशनापासून चांगला वीस मिनिटांवर. ऊन चढले होते, वाटेत सावली नव्हती. श्रावणात ही वाट चिखलाची असणार. पण त्या बाईला ती चालावीच लागली नसती. तिचे घर स्टेशनाच्या अंगालाच असेल तर जेजुरीहून वडाप, मग हा वीस मिनिटांचा रस्ता उलटा, पावसात, कुकरचे खोके घेऊन. नसेल तर आणखी काही. मला तिचे गाव याच स्टेशनाचे की पलीकडच्या वाडीचे, हेही माहीत नव्हते.

जीप आली ती भरलेली. ड्रायव्हरने सरकून मला शेजारी जागा करून दिली, गिअरच्या दांड्याच्या एका बाजूला त्याचा पाय आणि दुसऱ्या बाजूला माझा. मागे कोणीतरी देवाला निघालेले होते. पिशवीतल्या भंडाऱ्याचा वास जीपभर होता. जेजुरीचा डोंगर दिसू लागला तेव्हा मी भाडे विचारले आणि काढून हातात धरले. मग, कशाला ते ठाऊक नाही, विचारले, "एखादं खोकं असलं, एवढं, तर त्याचे वेगळे घेता का?" हातांनी आकारही दाखवला.

त्याने रस्त्यावरून नजर न काढता सांगितले, "मांडीवर धरलं तर नाही घेत."